चतुर्थी आणि मूळ घर

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की गोमंतकातील खेडोपाडी बंद घरांची कुलपे निघू लागतात. मुंबई-पुण्याकडे स्थायिक झालेली, पणजी-मडगावच्या सदनिकांत राहणारी कुटुंबे मूळ घराची वाट धरतात. लोकमान्य टिळकांनी १८९३ नंतर गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, ते महाराष्ट्रभर रुजले. मंडळे गोव्यातही आहेत. तथापि आमची चवथ मुख्यत्वे घराचीच राहिली आहे.

यास इतिहासही कारण आहे. सोळाव्या शतकात येथील देवळे मोडली गेली, कित्येक दैवते नदीपार न्यावी लागली. पुढे १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, इन्क्विझिशनचा अंमल होता. अशा काळात देवाला आसरा दिला तो घराच्या भिंतींनी. काही घराण्यांत आजही मातीच्या मूर्तीऐवजी कागदावरचा गणपती किंवा पत्री पुजली जाते; या प्रथेचे मूळ जाणती मंडळी त्या छळाच्या दिवसांतच सांगतात.

पुढे चुली वेगळ्या झाल्या, भाटे वाटली गेली, परंतु गणपतीची वाटणी बहुतेकांनी केली नाही. कोणी खर्चाची पाळी लावून घेतली, कोणी वर्गणी काढली. मूर्ती मात्र एकच. वर्षभर परस्परांशी न बोलणारे भाऊ घुमट, शामेळ आणि झांज यांच्या नादात एका सुरात आरती म्हणतात. वकिलांच्या नोटिसांना जे साधत नाही ते दीड किंवा पाच दिवसांचा हा पाहुणा साधून जातो.

पण हे आपोआप होत नाही. त्यामागे हात राबावे लागतात. माटोळीचेच पाहा. कांगले, कवंडळ, आंबाडे, तोरिंजन, चिबूड, सुपारीचे घोस, ही सारी रानातली व कुळागरातली संपत्ती देवाच्या डोक्यावर बांधायची, तर कोणते फळ कोठे मिळते हे ठाऊक असलेला जाणता माणूस घरात हवा. आता बाजारात सगळे आयते मिळते. त्यात पाप नाही. परंतु आजोबांचा हात धरून डोंगर चढलेला नातू जे शिकतो, ते बाजारात विकत मिळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक स्पष्टपणे सांगावयास हवी. नेवऱ्या, मोदक, खतखते, पंचमीला हळदीच्या पानांतील पातोळ्या, ही नावे उच्चारताना आमच्या जिभेस पाणी सुटते; मात्र ती करणाऱ्या सुना-जावा सारा सण चुलीपाशीच काढतात. पुरुषांनी पत्ते कुटायचे आणि बायकांनी पंगती वाढायच्या, हा कुटुंबाचा उत्सव नव्हे. फुगडीला त्यांना फुरसत मिळत नसेल, तर नव्या पिढीतील मुली मूळ घरी कशाला येतील?

घराचे छप्पर केवळ दुरुस्तीने टिकत नाही. त्याखाली जमणाऱ्या माणसांमुळे ते टिकते. आरतीपुरते येऊन प्रसाद घेऊन परतणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तर एके वर्षी ती कुलपे उघडायची राहून जातील. म्हणून यंदा प्रत्येकाने एक दिवस आधी यावे, एक काम अंगावर घ्यावे, आणि एखाद्या मुलाला माटोळी बांधण्यास सोबत घ्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे. विघ्नहर्ता आमच्या सर्व वाचकांच्या घरी सौख्य आणि सलोखा नांदवो!