पाचव्या चाकाचा हिशेब

व्यापाऱ्याच्या घरात काटकसर शिकवावी लागत नाही. ती संस्कारातूनच येते. परंतु कोठे वाचवावे आणि कोठे वाचवू नये, हे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागते. गेल्या पावसाळ्यात एका टायरने आमच्या कुटुंबाला हा धडा दिला. आपल्या समाजातील अनेक घरांपुढे आता चारही चाकांना गती देणाऱ्या गाड्या उभ्या असतात, म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहे.

आमचे नांदुरा पूर्णाकाठच्या काळ्या मातीचे गाव. पाऊस पडला की पांदण रस्त्यांवर साधी गाडी चाके फिरवीत जागच्या जागी उभी राहते. शेतीवर आणि खेडोपाडी मालाच्या कामासाठी जाणे चुकत नाही, म्हणून आम्ही फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. काही वर्षांनी टायर झिजले. चिखलात पकड चांगली मिळावी म्हणून मूळच्या २३५/७० आर १६ या मापाऐवजी २४५/७५ आर १६ मापाचे चार टायर घातले. दुकानदाराने पाचव्याबद्दल विचारले, तेव्हा मीच म्हणालो, "स्टेपनी जुनीच राहू द्या. ती एरवी लागते कुठे?" पुतण्याने एकवार माझ्याकडे पाहिले, पण काकांपुढे तो बोलला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही वाशीम जिल्ह्यातील शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलो. परत निघण्यास उशीर झाला. सोबत एक्याऐंशी वर्षांची आई होती. तिचा चौविहार, म्हणून सूर्यास्तापूर्वी घर गाठायचे होते. पातूरचा घाट उतरल्यावर मागचे डावे चाक बसले. पाऊस सुरू होता, गाडी रस्त्याकडेच्या चिखलात उतरवावी लागली. पुतण्याने जुनी स्टेपनी चढविली. रिम एकाच मापाची असल्याने ती सहज बसली. चिखलातून बाहेर पडण्यासाठी त्याने लिव्हर 'फोर एच'वर टाकला आणि घाईत तो तसाच राहिला.

बाळापूरच्या पुढे पाऊस थांबला, रस्ता कोरडा झाला. खामगावात वळण घेताना पुतण्या म्हणाला, "काका, स्टिअरिंग जड लागतेय. गाडी कुणी मागून धरून ठेवल्यासारखी वाटते." तेव्हा लिव्हरकडे लक्ष गेले, पण तो जागचा हलेना. खालून जळक्या तेलाचा वास येऊ लागला. तेथेच थांबलो.

ज्या कारागिराला बोलाविले, त्याने आधी चाकांकडे पाहिले. तो म्हणाला, "काकाजी, मागचे एक चाक लहान, आणि चारही चाके जुंपलेली. गाडी आतल्या आत भांडतेय." त्याने गाडी कच्च्या रस्त्यावर नेऊन काही अंतर उलटी चालविली, तेव्हा ताण सुटला आणि लिव्हर निघाला. या साऱ्यात सूर्य मावळून गेला होता. आईने तक्रारीचा शब्द काढला नाही. फक्त पाण्याची बाटली बंद करून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी ट्रान्सफर केस उघडली, तेव्हा काळ्या पडलेल्या तेलात धातूचा चुरा चमकत होता. दुरुस्तीला आलेला खर्च, मी वाचविलेल्या एका टायरच्या किमतीच्या कितीतरी पट होता.

हे असे का घडले, याचा हिशेब वहीत मांडण्याइतका सोपा आहे. टायरवरील २४५/७५ आर १६ या आकड्यांत पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. त्यावरून नव्या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर, तर जुन्या स्टेपनीचा सुमारे ७३५ मिलिमीटर येतो. मोठे चाक एका किलोमीटरला साधारण ४११ फेरे घेते, लहान चाक ४३३. म्हणजे किलोमीटरमागे बावीस फेऱ्यांची तफावत. एकाच एक्सलवरील दोन चाकांतली तफावत डिफरन्शियल सांभाळून घेते. वळणावर आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळे फिरते ते त्यामुळेच. पण मागच्या एक्सलची सरासरी मात्र पुढच्या एक्सलपेक्षा किलोमीटरला अकरा फेऱ्यांनी वाढते. 'फोर एच'मध्ये अशा गाडीचे पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. तेथे तफावत मिटविणारे कोणीच नसते. चिखलात चाके थोडी घसरतात आणि ताण सुटतो. कोरड्या रस्त्यावर टायर घसरत नाहीत, म्हणून तो सारा ताण साखळी, दाते आणि तेल यांवर येतो.

काही गाड्यांना लिव्हरच नसतो. चारही चाकांना किती जोर द्यायचा हे यंत्रणा स्वतः ठरविते. चाक निराळ्या वेगाने फिरू लागले, की ते घसरत आहे असे यंत्रणेला वाटू शकते. मग ती आतील क्लच पुन्हा पुन्हा आवळते आणि तो तापतो. अशा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत याविषयी काय लिहिले आहे, ते पंक्चर होण्याआधी वाचून ठेवावे.

आपण सहज 'स्टेपनी' म्हणतो, त्या शब्दाचा इतिहासही बोलका आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. १९०४ साली वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी, फुगविलेला टायर चढविलेले एक आरेविरहित कडे तयार केले. ते पंक्चर झालेल्या चाकावरच आवळून बसवायचे. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, त्यावरून त्या चाकाला नाव पडले. ते नाव आपल्याकडे अजून टिकून आहे. म्हणजे स्टेपनी मुळातच जवळच्या ठिकाणी पोहोचविणारी कामचलाऊ वस्तू होती. पुढे गाड्यांना पाचवे चाक इतर चारांसारखेच मिळू लागले आणि आपण निर्धास्त झालो. आता काळ पुन्हा पालटला आहे. अनेक गाड्यांत स्टेपनी लहान किंवा अरुंद असते. शिवाय १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार, टायरमधील हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास ठरावीक प्रवासी गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. म्हणून आपल्या गाडीत नेमके काय आहे, हे घरातील प्रत्येक चालकाला ठाऊक असले पाहिजे.

या अनुभवानंतर आमच्या घरी काही शिस्त ठरली. टायर बदलायचे तर पाचही एकाच मापाचे. झिजेतही फार अंतर नको. कारण नक्षीच्या खोलीत पाच मिलिमीटरचा फरक म्हणजे व्यासात दहा मिलिमीटरचा फरक. म्हणून साधारण दर दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करताना स्टेपनीलाही फेरीत घेतो, म्हणजे पाचही चाके सारखी झिजतात. हवा तपासताना पाचवे चाक विसरत नाही. टायरवरील चार आकडी खूणही पाहतो. ३५२१ असे असेल, तर तो २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. न वापरलेले रबरही वयाने कडक होते.

तरीही निराळ्या मापाचे चाक लावण्याची वेळ आलीच, तर लिव्हरच्या गाडीत तो 'टू एच'वरच ठेवावा. अशा गाडीत एरवी जोर मागच्या चाकांना असेल, तर वेगळे चाक पुढे लावावे. मागचे चाक पंक्चर असल्यास पुढचे चांगले चाक मागे न्यावे आणि स्टेपनी पुढे बसवावी. दोनदा जॅक लावावा लागेल, पण पुढचा खर्च टळेल. वेग कमी ठेवावा. छोट्या स्टेपनीवर ताशी ८० किलोमीटरसारखी मर्यादा छापलेली असते, ती पाळावी. आणि घराकडे नव्हे, सर्वांत जवळच्या टायरच्या दुकानाकडे निघावे.

त्या रात्री 'टू एच'वर हळूहळू येताना नांदुऱ्याची १०५ फुटी हनुमानमूर्ती दिसली, तेव्हा गाडीत कोणी बोलत नव्हते. घरी उतरताना आई एवढेच म्हणाली, "गाडी अडली त्याचे काही नाही. रस्त्यात कोणाला लागले असते तर?" आपल्याकडे चालताना, बोलताना, वस्तू ठेवतानाही जयणा सांगितली आहे. गाडीच्या मागे टांगलेल्या, कधी न पाहिलेल्या पाचव्या चाकालाही ती लागू आहे, हे मला आईच्या त्या एका प्रश्नाने समजले. नवा पाचवा टायर मी दुसऱ्याच आठवड्यात घेतला. घेताना किंमत कमी करून मागण्याची इच्छा मात्र प्रथमच झाली नाही.