खिडक्या बदलताना

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सुरतेच्या घराच्या आठ खिडक्या बदलल्या. ही बातमी बडोद्याच्या आप्तमंडळींत पोचली मात्र, आणि विचारणांना सुरुवात झाली. खर्च किती आला, दिवस किती लागले, आणि मुख्य म्हणजे पाऊस आत येतो का? त्यांच्याही घरांतून झडपा फुगू लागल्या आहेत, बिजागऱ्या गळू लागल्या आहेत आणि चौकटींचे पाय वाळवीने पोखरले आहेत. प्रत्येकाला निराळे पत्र लिहिण्यापेक्षा आमचा अनुभव येथेच सांगावा हे बरे.

घर नानपुऱ्यातले. आजोबा गायकवाड सरकारच्या नवसारी प्रांतात कारकून होते; पेन्शन घेतल्यावर त्यांनी ते बांधले. लाकूड सगळे वलसाडी सागाचे. डांगच्या जंगलातला साग वघईहून बिलीमोऱ्याला आणणारी अरुंद मापाची रेल्वे गायकवाड सरकारने बांधली होती. आपल्या चौकटी त्याच गाडीने आल्या, असे आजोबा इतक्या अभिमानाने सांगत की जणू इंजिन तेच हाकीत होते.

असा साग बदलायचा म्हणजे पाप, असे म्हणणारे पुष्कळ भेटले. पण २००६ च्या पुरात तळमजल्याच्या खिडक्या तीन दिवस पाण्याखाली होत्या. त्यानंतर त्या कधी नीट मिटल्याच नाहीत. माडीवरच्या दोन चौकटींत तर बोट खुपसले तर भुसा हातात येई. दुरुस्ती दोनदा करून पाहिली. शेवटी ज्या चार चौकटी खरोखर शाबूत होत्या त्या ठेवल्या, बाकीच्या आठ काढायच्या ठरल्या. सरसकट सगळ्या काढा, म्हणजे दर कमी लावतो, असे सांगणाऱ्या गृहस्थाला आम्ही चहा दिला आणि निरोप दिला.

मापापासूनच गंमत सुरू होते. जुन्या भिंतीतला कोनाडा काटकोनात असेल अशी आशा धरू नये. आमच्या एका खिडकीची रुंदी वरच्या बाजूला खालच्यापेक्षा पाऊण इंच जास्त निघाली. शहाणा मिस्त्री रुंदी तीन ठिकाणी घेतो, उंची तीन ठिकाणी घेतो, दोन्ही कर्ण मोजून ताडून पाहतो, आणि सर्वांत लहान मापावर नवी चौकट बेततो. जो फीत एकदाच लावून वहीत आकडा टिपतो त्याच्या चौकटीभोवती पुढे अंगठाभर फटी राहतात, आणि त्या सिलिकॉनने बुजवल्या जातात. सिलिकॉन फट सांधण्यासाठी असते, भिंत बांधण्यासाठी नव्हे. भाव चौरस फुटावर ठरतो. त्यात जुनी चौकट काढणे, राबिट उचलून नेणे, गिलावा, रंग आणि मच्छरजाळी येते की नाही, हे कागदावर लिहून घ्यावे. आम्ही गिलावा विसरलो होतो. तो फार महाग पडला.

पहिल्या कंत्राटदाराचे नाव सांगत नाही. त्याच्या माणसांनी पहिल्याच दिवशी माडीवरची एक चौकट पहारीने उपटली आणि तिच्या मागोमाग वरच्या विटांचे चार थर पलंगावर आले. पलंगावर कोणी नव्हते ही देवाची कृपा. सुरतेच्या जुन्या घराचा सांगाडा लाकडी खांबांचा आणि तुळयांचा असतो. मधल्या खणांत विटा भरलेल्या असतात. चौकटीची आडवी लाकडे दोन्ही बाजूंना कानांसारखी भिंतीत शिरलेली असतात, आणि वरचे थोडेफार ओझे ती मुकाट्याने वाहत असतात. ती काढण्याआधी वर टेकू द्यावा लागतो. दुसरा मिस्त्री आला तो आधी टेकू घेऊन आला, आणि मगच त्याने दर सांगितला. आम्ही घासाघीस केली नाही.

आता पावसाचे. सुरतेचा पाऊस सरळ पडत नाही. नैर्ऋत्येचा वारा त्याला आडवा करून भिंतीवर फेकतो. म्हणून खिडकीखालच्या दगडी पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, ती भिंतीबाहेर दीडदोन इंच यावी, आणि तिच्या पोटाला एक बारीक खाच असावी. म्हणजे पाणी मागे वळून भिंतीत न मुरता तेथूनच ठिबकते. सरकत्या खिडकीच्या रुळात पाणी साचणारच. ते बाहेर जावे म्हणून चौकटीच्या खालच्या अंगाला बाहेरून भोके ठेवलेली असतात. आमच्या कारागिराने काम देखणे व्हावे या सदिच्छेने तीही सिलिकॉनने बुजवली होती! हे कळले ते बागेच्या नळीने पाणी मारून पाहिले तेव्हा. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रत्येक खिडकीवर बाहेरून दहा मिनिटे पाण्याचा मारा करावा. मिस्त्री हसतो, हसू द्यावे. आणि हे काम चैत्र-वैशाखातच आटपावे. माप घेतल्यापासून माल तयार होऊन यायला आम्हांला तीन आठवडे लागले, बसवायला पाच दिवस, आणि गिलावा वाळून रंग व्हायला आणखी दहा.

धुळीबद्दल काय सांगू! पुस्तकांची कपाटे चादरींनी झाकली होती, तरी अजून ज्ञानेश्वरी उघडली की वीट झडते.

पण आमच्या घरात खरा वाद झाला तो याच्या कशाचाही नव्हे. तो झाला खिडकी उघडते किती यावर.

मुलांचा आग्रह सरकत्या खिडक्यांचा. दिसायला छान, पडद्याला अडत नाहीत, जागा खात नाहीत, सगळे खरे. परंतु दोन सरकत्या झडपांपैकी एक नेहमी दुसरीमागे उभी असते, म्हणजे खिडकी कधीच अर्ध्याहून अधिक उघडत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत दमट उष्ण हवेच्या प्रदेशासाठी खोलीच्या जमिनीच्या निदान एक-षष्ठांश इतके खिडक्यांचे क्षेत्र सांगितले आहे. आमची माडीवरची खोली पंधरा फूट बाय बारा, म्हणजे एकशे ऐंशी चौरस फूट. त्याचा सहावा हिस्सा तीस. चार बाय चारच्या दोन खिडक्या मिळून बत्तीस फूट होतात, तेव्हा आजोबांनी हिशेब बरोबर केला होता. सरकत्या झडपा लावल्या की कागदावर बत्तीसच राहतात आणि वारा येतो सोळातून. मग भिंतीला वातानुकूलन यंत्र टांगायचे आणि विजेच्या बिलाला शिव्या द्यायच्या.

हा हिशेब मी मांडीत होतो तेव्हा काकू रस्त्याकडच्या खिडकीत बसल्या होत्या. लग्न होऊन बडोद्याहून त्या येथे आल्या तेव्हापासून त्यांची बसायची जागा तीच. "वाऱ्याचं राहू दे," त्या म्हणाल्या, "माणूस बाहेर कसा जाणार ते सांग."

१९६८ च्या ऑगस्टात तापीला महापूर आला तेव्हा उकाईचे धरण व्हायचे होते. काकू नव्या नवऱ्या होत्या. पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला लागले, आणि शेजारची बाळंतीण होडीतून आली ती याच खिडकीतून घरात घेतली. खिडकीला उभे लोखंडी गज; पण जुन्या सुताराने त्यांतल्या दोघांची वरची भोके खोल ठेवली होती. गज वर उचलला की खालून सुटे आणि हातात येई. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नसे. काकू त्यांना चोरगज म्हणतात. पुढे १९७२ मध्ये धरण पुरे झाले आणि आता पूर येणार नाही असे सगळे म्हणू लागले. २००६ च्या ऑगस्टात त्याच धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. तेव्हाही काकूंनीच गज काढले; दूध, मेणबत्त्या, शेजाऱ्यांचे औषध सगळे तेथूनच आत आले. समोरच्या घराला नुकतेच बाहेरून भिंतीत पक्के केलेले ग्रिल बसवले होते. त्यांना दुधाच्या पिशव्या सळ्यांतून आडव्या करून ओढाव्या लागल्या. त्यांची म्हातारी आजारी होती. तिला काही तेथून बाहेर काढता आले नाही. पाणी ओसरेपर्यंत वाट पाहावी लागली.

मुले म्हणाली, आता पूर रोज थोडाच येतो? काकू एवढेच म्हणाल्या, "आग येते की." खोलीत कोणी बोलेना. २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली, बावीस जीव गेले, आणि वरच्या मजल्यावरून उड्या टाकणारी मुले सबंध शहराने पाहिली. त्याच्या कितीतरी आधी, १८३७ च्या आगीत या शहराची नऊ हजारांवर घरे जळाली होती. सुरतेत खिडकीचा विचार करताना हे विसरून चालत नाही. चोराच्या भीतीने आपण घर असे बंद करतो की चोर बाहेर आणि आपण आत कायमचे!

मग ठरले ते असे. माडीवरच्या चारही खिडक्या बिजागऱ्यांच्या, दोन झडपा पूर्ण उघडणाऱ्या. तळमजल्यावर, जेथे झडप उघडली तर गल्लीतल्या स्कूटरला लागते तेथे, सरकत्या. पावसाच्या तोंडच्या दोन खिडक्यांवर छज्जा सहा इंच वाढवला. आणि ग्रिल सगळीकडे, पण माडीवर प्रत्येक खोलीत एका ग्रिलला अडीच फूट बाय तीन फुटांचे दार, आतून कडीकोयंड्याचे. मिस्त्रीने याला कुलूप सुचवले. काकूंनी किल्ली कोठे ठेवणार असे विचारले, तो म्हणाला कपाटात. कुलूप रद्द झाले. त्याऐवजी कडी इतकी आत घेतली की बाहेरून हात पोचू नये.

काम संपल्यावर काकूंनी ते दार स्वतः उघडून पाहिले. वयाच्या मानाने कडी जड होती. मिस्त्रीला परत बोलावून ती घासून हलकी करून घेतली, आणि मगच शेवटचा हप्ता दिला. जुने दोन चोरगज त्यांनी भंगारवाल्याला देऊ दिले नाहीत; ते जिन्याखाली उभे आहेत. चांगल्या निघालेल्या सागाचे सुताराने चार पाट करून दिले. कडीला दर वैशाखात तेल घालायचे काम माझ्याकडे आले आहे. यंदाचे झाले.