लहान होडीला शीड कोणते?

ओझरच्या मुलांना विमानाचा पंख चित्रात दाखवावा लागत नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना येथे १९६४ पासून आहे. त्यामुळे शीड म्हणजे उभा केलेला पंखच, हे त्यांना चटकन पटते. शीड वाऱ्याची दिशा वळवते आणि त्याची प्रतिक्रिया होडीला ढकलते. पंखाच्या टोकाशी हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निसटते, भोवरे होतात आणि ओढ वाढते. पंख लांब व अरुंद असला तर हे नुकसान कमी. मग लहान लाकडी होडीलाही उंच, निमुळते त्रिकोणी शीडच लावावे ना?

वाऱ्याकडे तिरके चढत जायचे असेल, तर हे उत्तर बरोबर आहे. पण विमानाच्या पंखाला होडी उलटण्याची चिंता नसते! बाजूचा वारा होडीला कलंडवतो. हा परिणाम वाऱ्याचा जोर आणि तो जेथे एकवटतो त्या बिंदूची उंची यांच्या गुणाकारावर ठरतो.

आम्ही १२ चौरस मीटरच्या दोन शिडांचा हिशेब मांडला. पहिले काटकोन त्रिकोणी: तळ ३ मीटर, उंची ८ मीटर. त्याचा मध्यबिंदू तळापासून २.६७ मीटरवर येतो. दुसरे चौकोनी. त्याचा तळही ३ मीटर, पण डोलकाठीलगतची कड ३ मीटरच. वरची कड एका तिरक्या काठीला बांधलेली. तिचे टोक तळापासून ६ मीटर उंच आणि डोलकाठीपासून २ मीटर मागे. याचा मध्यबिंदू २.२५ मीटरवर, म्हणजे ४२ सेंटीमीटर खाली. शिवाय डोलकाठी बरीच आखूड चालते. या तिरक्या काठीला गॅफ म्हणतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील रुंद, उथळ 'कॅटबोट' होड्यांना असेच एकुलते एक शीड असते.

आखूड डोलकाठी आणि लांब तिरकी काठी ही युक्ती कोकणालाही नवी नाही. मचव्याचे शीड लांब परबाणाला बांधून तिरके टांगतात. फरक एवढाच, की परबाणाचा काही भाग डोलकाठीच्या पुढे येतो. होडी वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला वळवताना तो फिरवून घ्यायला माणसे लागतात. गॅफचे शीड सगळे डोलकाठीच्या मागे असते, त्यामुळे ते आपोआप पलीकडे जाते. एकट्या माणसाला हे सोयीचे.

तोटाही याच गुणात आहे. जोर मागे पडल्याने होडीचे तोंड वाऱ्याकडे वळू पाहते आणि सुकाणू जड होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की जोर चौपट होतो. म्हणून वारा वाढू लागताच, सुकाणू हाताला जड लागायच्या आधीच, शीड खालून दुमडून बांधावे.

वर्गात हे करून पाहा. १ मीटरला ३ सेंटीमीटर धरून दोन्ही आकार पुठ्ठ्यातून कापा. प्रत्येक आकार दोन निरनिराळ्या कोपऱ्यांतून टाचणीवर टांगा, ओळंबा सोडा आणि रेघा आखा. रेघा जेथे छेदतील तो मध्यबिंदू. मग मुलांना विचारा: शर्यतीसाठी कोणते शीड, आणि संध्याकाळी एकट्याने घरी परतण्यासाठी कोणते?