क्रिएटिनिन नॉर्मल, पण किडनी?

घरात एकाला पॉलिसिस्टिक किडनीचा आजार निघाला की भावंडे रक्त तपासून घेतात, क्रिएटिनिन नॉर्मल आले की निर्धास्त होतात. हा दिलासा फसवा आहे. या आजारात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या गाठी, म्हणजे सिस्ट, वर्षानुवर्षे वाढत राहतात. त्या काळात मूत्रपिंडाचा शाबूत भाग जास्तीचे काम अंगावर घेतो, त्यामुळे क्रिएटिनिन लवकर हलत नाही. ते चढू लागते तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते. घरात आजार असेल, तर सज्ञान नातलगांनी सोनोग्राफीच करून घ्यायला हवी. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता निम्मी असते.

सिस्ट काय, कुणालाही निघते, असे यावर म्हटले जाते. ते खोटे नाही. वयाबरोबर साध्या सिस्ट होतातच. त्यामुळेच २००९ साली मांडलेले निकष वयानुसार बदलतात. घरात आजार असलेल्या व्यक्तीला १५ ते ३९ या वयात दोन्ही मूत्रपिंडांत मिळून किमान तीन, ४० ते ५९ मध्ये प्रत्येकात दोन आणि साठीनंतर प्रत्येकात चार सिस्ट दिसल्या तर निदान पक्के धरतात. विशीतल्या स्वच्छ सोनोग्राफीने मात्र आजार नाही असे ठरत नाही, कारण पीकेडी-२ जनुकातील दोषामुळे होणारा प्रकार उशिरा उमटतो. एखादा तरुण भाऊ किडनी द्यायला पुढे आला, तर एमआरआय किंवा जनुकीय चाचणी लागते ती याचसाठी. ‘आमच्या घरात कुणालाच नव्हता’ यावरही विसंबता येत नाही. सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांच्या घरात आधीची नोंद सापडत नाही.

आजार मुळापासून बरा होत नाही, मग कळून उपयोग काय, हा प्रश्न अधिक वजनदार आहे. पण रक्तदाब बहुधा किडनीचे काम मंदावण्याआधीच वाढतो, आणि तो आटोक्यात ठेवता येतो. झपाट्याने वाढणाऱ्या आजारात टोलव्हॅप्टान हे औषध ऱ्हासाचा वेग कमी करते. लघवी फार होते, यकृताच्या चाचण्या नियमित कराव्या लागतात, म्हणून ते सरसकट दिले जात नाही. लक्षणे नसलेल्या मुलांवर निदानाचा शिक्का घाईने मारावा का, याबद्दलचा संकोच रास्त आहे; तो निर्णय सज्ञान झाल्यावर त्यांना घेऊ द्यावा. त्यांचा रक्तदाब मोजायला मात्र निदानाची वाट पाहावी लागत नाही.