मढ्यावरची गर्दी टिपताना

मसाई मारात सिंहासाठी पहाटे उठावं लागतं. गिधाडांसाठी तेवढी घाई नसते. जमीन तापून गरम हवा वर चढू लागल्याशिवाय हे वजनदार पक्षी फारसे उडत नाहीत. म्हणजे खरी गर्दी न्याहारीनंतर जमते, आणि उजेड नेमका तेव्हाच कडक झालेला असतो!

शिकारीवर झुंडीनं तुटून पडतात ती पांढऱ्या पाठीची गिधाडं आणि रुपेलची गिधाडं. मग येतं लॅपेट-फेस्ड गिधाड. पंखांचा विस्तार अडीच मीटरहून जास्त, चोच अशी दणकट की चिवट कातडं फाडावं तर यानंच. बाकीचे मुकाट्यानं बाजूला होतात. फोटो तोच! चिमुकलं हूडेड गिधाड कडेकडेनं उरलंसुरलं वेचतं, त्याच्याकडे सहसा कुणी लेन्स वळवत नाही.

आकाशापुढे गडद पक्षी काळाठिक्कर येतो, म्हणून एक्स्पोजर एखादा स्टॉप वाढवतात. झटापटीला शटर १/२००० सेकंदाच्या आसपास. लेन्सखाली बीनबॅग हवीच, आणि गाडीतून उतरायचं नाही.

मढ्यावरच्या गिधाडांच्या घिरट्या हस्तिदंताच्या चोरांना मात्र नकोशा असतात, कारण त्या पाहून वनरक्षक पोहोचतात. म्हणून ते मारलेल्या हत्तीच्या मढ्यात विष कालवतात. जून २०१९ मध्ये बोत्स्वानात अशा तीन हत्तींपाशी ५३७ गिधाडं मरून पडली.