सत्पात्री दान

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावे क्षणार्धात दगडमातीचे ढिगारे होऊन पडली. ही वार्ता पसरताच महाराष्ट्रातून आणि महाराष्ट्राबाहेरूनही धान्य, कपडे, औषधे व पैसा यांचा ओघ तिकडे वाहू लागला. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेही नव्हते, अशा माणसांनी एकमेकांना हात दिला. दुसऱ्याचे दुःख पाहून मन द्रवणे आणि आपल्या घासातला घास त्याला देणे, हे माणुसकीचे लक्षण होय.

परंतु गूळ दिसला की मुंगळे यायचेच. लोकांच्या मनात दया जागी झाली आहे हे ओळखून काही लबाड माणसे त्याच वेळी खोटी झोळी पुढे करतात. अशा झोळीत पडलेला पैसा दुःखिताच्या दारी कधीच पोहोचत नाही. म्हणूनच आपल्याकडे नुसते दान न म्हणता ‘सत्पात्री दान’ असे म्हणतात. दान देताना स्थळ, काळ आणि पात्र ही तिन्ही पाहावीत, असे गीतेतही सांगितले आहे.

पात्र ओळखावे कसे? याचे एक उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या छोट्या गावाकडे पाहिले असता सापडते. हा भाग मुळातच कमी पावसाचा. एके काळी येथील विहिरी आटत, शेते ओस पडत आणि कामाच्या शोधात माणसे गाव सोडून जात. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी श्रमदान केले, डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. पाणी जमिनीत मुरू लागले. पण गाव एवढ्यावर थांबले नाही. दरवर्षी पाऊस किती पडला आणि विहिरींची पातळी किती आहे, हे मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा तेथे पडली. हा ताळेबंद ग्रामसभेत सर्वांसमोर ठेवला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यावयाची ते ठरते.

जमिनीखालचे पाणी डोळ्यांना दिसत नाही. तरीही हिवरे बाजारने त्याचा हिशेब ठेवला. दानाचेही असेच आहे. पैसा एकदा हातातून गेला की तो दिसत नाही. परंतु त्याचा हिशेब मात्र मागता येतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ या कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीला आपला वार्षिक जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडावा लागतो. चार लोकांसमोर हिशेब ठेवावयाचा, हा सार्वजनिक पैशाचा पहिला नियम आहे. जो प्रामाणिक आहे, त्याला हा नियम जाचत नाही.

याच कसोटीवर खोटे आवाहन उघडे पडते. खोटे आवाहन करणारा मनुष्य प्रथम घाई करतो. ‘आत्ताच पैसे द्या, नाहीतर रुग्णाचा प्राण जाईल,’ असे तो म्हणतो. कारण विचार करावयास वेळ मिळाला, तर त्याचे बिंग फुटेल. तो हृदय पिळवटून टाकणारे छायाचित्र दाखवतो. पण ते कोणाचे, कोणत्या गावचे, रुग्ण कोणत्या रुग्णालयात आहे, हे सांगत नाही. तो संस्थेचे नाव घेतो आणि पैसे मात्र स्वतःच्या खात्यात मागतो. पावती मागितली, तर तो रागावतो किंवा ‘तुमचा माणुसकीवर विश्वास नाही का?’ असे विचारून समोरच्याला लाजवतो.

कधी कधी लबाडी एका अक्षरात दडलेली असते. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरली असता ‘पीएम केअर्स’ हा मदतनिधी उभारण्यात आला आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्यासाठी त्याचा पत्ता जाहीर झाला. थोड्याच दिवसांत ‘केअर्स’ऐवजी ‘केअर’ असा एका अक्षराने वेगळा, खोटा पत्ता कोणीतरी तयार केला. दिल्ली पोलिसांनी लोकांना सावध केले आणि स्टेट बँकेने तो पत्ता बंद केला. जो मनुष्य घाईने वाचील, त्याला हा फरक दिसणार नाही. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी पत्ता अक्षरशः वाचावा आणि तो संस्थेच्या अधिकृत ठिकाणावरून स्वतः शोधून घ्यावा. कोणी पाठवलेल्या निरोपातून उचलू नये. शिवाय, मोबाइलवर पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

संस्था खरी आहे की नाही, हे पडताळण्याचा मार्गही कायद्याने खुला ठेवला आहे. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार धर्मादाय संस्थांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. नोंदलेल्या संस्थेला क्रमांक मिळतो आणि तिला आपले हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतात. संस्था नोंदलेली नसताना धर्मकार्यासाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांनाही या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते; गणेशोत्सवाची मंडळेही ती घेतात. मात्र कागदावर क्रमांक छापणे कोणालाही जमते. म्हणून तो क्रमांक कार्यालयाकडून पडताळून पाहणे हेच शहाणपणाचे.

एवढे करूनही फसवणूक झाली, तर लाजेने गप्प बसू नये. मुलांनी ती गोष्ट ताबडतोब घरातील वडीलधाऱ्यांना सांगावी. मोबाइलवरून वा बँकेतून पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर आणि बँकेस विनाविलंब कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितका पैसा वाटेतच अडवला जाण्याचा संभव अधिक असतो.

खोट्या आवाहनाने दोन माणसांची हानी होते. पहिला दाता, त्याचा पैसा जातो. दुसरा खरा गरजू; त्याच्यापर्यंत मदत पोहोचत नाही. आणि एकदा फसलेला दाता पुढच्या वेळी खऱ्या दुःखितालाही दारातून परत पाठवतो, ही हानी सर्वांत मोठी. म्हणून फसवणुकीच्या भीतीने हात आखडता घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मदत मागणारा प्रत्येक जण लबाड नसतो. पुष्कळ जण खरोखरच संकटात असतात. नाव, गाव, काम आणि हिशेब या चार गोष्टी शांतपणे विचाराव्यात. शेजारच्या घरी आजारी असलेल्याला औषध आणून देणे, शाळेतील मित्राला पुस्तक देणे, गावच्या श्रमदानात हातभार लावणे, अशी मदत तर डोळ्यांसमोरच फळास येते. जो प्रश्न विचारून देतो, तो कमी दयाळू नसतो. त्याची दया योग्य दारी पोहोचते, एवढेच.