जलवायुमानबदल व लोकमत, उरण परिसरातील

जलवायुमानातील बदल रोखण्यासाठी त्वरित उपाय योजावेत की सावकाश, यासंबंधीचे लोकमत बहुधा जमीन, पाणी व रोजगार यांच्या अनुभवातून घडते. रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील उरण तालुका हे याचे ठळक उदाहरण होय. मुंबई बंदराच्या पूर्वेस असलेल्या या सखल प्रदेशात खारजमिनीतील भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी हे आगरी व कोळी समाजांचे परंपरागत व्यवसाय.

नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० पासून येथील जमिनी संपादित होऊ लागल्या. मुंबई हायच्या तेल-वायूवरील प्रक्रिया प्रकल्प, वायूवर चालणारे वीजकेंद्र (१९८२, पुढे स्थापित क्षमता ६७२ मेवॉ.) व न्हावा-शेवा बंदर (१९८९) यांमुळे परिसराचे स्वरूप पालटले. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व याच लढ्यातून पुढे आले. तेव्हापासून ‘प्रकल्पग्रस्त’ ही येथील राजकारणातील प्रमुख संज्ञा ठरली.

जलवायुमानाचा प्रश्न येथे मुख्यत्वे खारफुटीच्या (तिवरांच्या) रूपाने उभा राहतो. खारफुटी लाटांचा जोर कमी करते, मासे व कोळंबीच्या पिलांना आसरा देते आणि तिच्याखालील चिखलात कार्बन दीर्घकाळ साठून राहतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीची तोड आणि तिच्यापासून ५० मी. अंतरातील बांधकाम यांस मनाई केली व २०१८ मध्ये हे संरक्षण कायम केले. मासेमारांना ते उपकारक वाटते. तथापि, बांध फुटून खारे पाणी शिरल्याने ज्याच्या शेतात तिवरे उगवली, त्या शेतकऱ्यास हाच निर्बंध दुसऱ्या भूसंपादनासारखा भासतो. दोघांचेही हितसंबंध खरे असल्याने एकास पर्यावरणवादी व दुसऱ्यास पर्यावरणविरोधी म्हणणे युक्त नाही.

बंदरविस्तारामुळे बाधित झालेल्या पारंपरिक मासेमारांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना सु. ९५.१९ कोटी रु. भरपाई देण्याचा आदेश दिला. पर्यावरणाची हानी ही उपजीविकेचीही हानी असते, हे यामुळे अधोरेखित झाले.

राज्य शासनाने २०२० मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले, तर निव्वळ कार्बन उत्सर्जन २०७० पर्यंत शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. अशी उद्दिष्टे तत्त्वतः सहज मान्य होतात; मतभेद होतात ते त्यांचा भार कोणी सोसावा, याविषयी. बंदर व वायुप्रकल्प यांवर अवलंबून असलेल्या उरणमध्ये उपायांची गती वाढवावयाची, तर पर्यायी रोजगार, खारबांधांची डागडुजी आणि निर्बंधित जमिनीचा मोबदला यांची हमी आधी द्यावी लागेल. त्याअभावी त्वरेस होणारा विरोध हा जलवायुमानबदलाविषयीच्या अज्ञानाचा नव्हे, तर पूर्वानुभवाचा परिणाम ठरतो.